दाढ निघेल गं, पुढचं सांभाळ

अगं, अक्कलदाढ काढायची म्हटलं की आधी सुईची भीती वाटते, मग चिमट्याची. या दोन्ही भीतींना फार जागा देऊ नको. दाढ काढायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्या वेळात तुला दुखू न देणं हे डॉक्टरांचं काम असतं. खरं सांभाळायचं असतं ते घरी आल्यावर. पहिले तीन दिवस नीट, मग आठवडाभर जपून. आपल्याकडं निपाणीत, चिकोडीत, खानापुरात कुठंही जा, हे दिवस बाईला घरात कुणी आपणहून देत नाही. आधीच मागून घ्यावे लागतात. आज मला मुख्यतः तेच बोलायचंय, पण अगोदरच्या चार गोष्टीही सांगते.

पहिली गोष्ट, ती दाढ काढायची गरज आहे का ते बघ. साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षात अक्कलदाढ येते. जबड्यात जागा उरली नसेल तर ती तिरकी वळते, आडवी पडते, अर्धी वर आणि अर्धी हिरडीखाली अडकते. हिरडीच्या त्या पदराखाली अन्नाचे कण जातात, सूज येते, तोंड उघडत नाही, कानापर्यंत ठणका जातो. गोळ्या घेतल्या की चार दिवसांत बसतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उसळतं. असं दुसऱ्यांदा झालं, किंवा दाढ किडली, किंवा तिच्यामुळं पुढची धडकी दाढ किडायला लागली, तर काढलेलीच बरी. विशीत काढली तर मुळं अजून पुरती वाढलेली नसतात, हाडही फार घट्ट नसतं, म्हणून जखम लवकर भरते. दाढ मात्र नुसती आहे, कसलाच त्रास नाही, तर तिला हात लावायची घाई नको. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २००० सालीच सांगून ठेवलंय की निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ पुढं त्रास होईल म्हणून काढू नये. तेव्हा ‘चारही एकदम काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर प्रत्येक दाढेचं कारण वेगळं विचार. आणि ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, बघितल्याशिवाय खालच्या आडव्या दाढेचा निर्णय करू नको. त्या दाढेच्या मुळाखालून खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जाते. मूळ तिच्या किती जवळ आहे ते त्या फोटोत दिसतं.

कुठं जायचं? निपाणीकरणीला कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर, आणि बेळगाव लांब, जवळजवळ दुप्पट. पण बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत. नेहरूनगरातलं केएलईचं १९८५ पासूनचं, आणि दुसरं मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी मुख शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग असतो. शिकणारे डॉक्टर काम करतात आणि वर शिकवणारे तज्ज्ञ उभे असतात. खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो, वेळ जास्त जातो. आडवी, हाडात रुतलेली दाढ असेल तर मुख शस्त्रक्रियेचा एमडीएस डॉक्टरच बघ, मग तो कॉलेजातला असो की गावातल्या दवाखान्यात ठरावीक वारी येणारा असो. खेपा वाढतील म्हणून कचरू नको. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी गाड्यांत आपल्या बायकांना तिकिटाला पैसे नाहीत, ओळखपत्र तेवढं जवळ ठेव. कोल्हापूरला जाणार असशील तर महाराष्ट्राच्या एसटीत त्यांच्या हद्दीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. टाके काढायच्या खेपेला पैसे नाहीत ही सबब आता कुणाला सांगू देऊ नको.

घरात निघणाऱ्या शंकांचंही बोलून घेऊ. वरची दाढ काढली की नजर जाते, हे तुला आजी सांगेल, शेजारीण सांगेल, आणि अगदी मायेनं सांगेल. दाताची नस वेगळी आणि दिसण्याची नस वेगळी. दाढ काढल्यानं डोळे अधू होत नाहीत. सांगणाऱ्या म्हातारीला चाळिशी-पन्नाशीत दाढा काढाव्या लागल्या आणि त्याच वयात चष्माही लागला, म्हणून तिच्या मनात दोन्हींची सांगड बसली. तिच्याशी वाद घालू नको, पण तारीखही पुढं ढकलू नको. बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतला किडा काढून दाखवणारे असतात, त्यांच्याकडं मात्र मुळीच जाऊ नको. दाढेत किडा नसतोच, तो दाखवलेला किडा बाहेरून आलेला असतो. ठणका थांबायला दाढेत तंबाखूची चिमूट दाबणं, डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवणं, हेही नको. ती गोळी पोटात जायची असते, हिरडीवर ठेवली तर कातडी भाजून पांढरी पडते.

आता एक आतली गोष्ट. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘काही औषधं चालू आहेत का?’ शेजारी सासूबाई उभ्या असतात आणि आपण ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतो. अगं, माला-डीसारखी गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर ती सांगायचीच असते. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळं दाढ काढल्यावर जखम कोरडी पडायचा धोका वाढतो. पाळी चुकली असेल, दिवस गेल्याची नुसती शंका असेल, अंगावर पिणारं बाळ असेल, तेही सांग. एक्स-रे आणि गोळ्या त्यावर ठरतात. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करायची गोळी, आधी कधी दाढ काढल्यावर बराच वेळ न थांबलेलं रक्त, कुठल्या औषधानं अंगावर उठलेल्या गांधी, सगळं सांग. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नको. लोकांसमोर बोलता येत नसेल तर घरीच चिठ्ठीवर लिहून ने आणि डॉक्टरांच्या हातात दे. मशेरी लावत असशील तर त्या चिठ्ठीत तेही लिही.

आणि सहीचा कागद. सीमाभागात कागदाची भाषा हा आपला रोजचा विषय आहे. फॉर्म कन्नडमध्ये असेल, इंग्रजीत असेल, आणि मागं रांग लागलेली असेल. तरी समजल्याशिवाय सही करू नको. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच, बरेच डॉक्टर तर तीन-चार भाषा बोलतात. त्यांना म्हण, यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांगा. ओठ किंवा जीभ बधिर राहण्याची शक्यता माझ्या दाढेत किती आहे, टाके विरघळणारे की काढायचे, रात्री रक्त आलं तर कुणाला फोन करू, हे तीन प्रश्न विचार आणि उत्तरं लिहून घे. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन मगच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट सांगितलंय. तू उपकार मागत नाहीस.

त्या दिवशी घरून पोटभर जेवून जा. नुसती जागा बधिर करून दाढ काढणार असतील तर उपाशी राहायचं नसतं, उपाशीपोटी चक्कर येते. संकष्टी असो, गुरुवार असो, त्या आठवड्यात उपवास धरू नको, कारण गोळ्या भरल्या पोटावर घ्यायच्या असतात. इंजेक्शन टोचताना दुखतं, थोडं. मग ओठ जड होतो. त्यानंतर दाब कळतो, हाड घासल्याचा आवाज येतो, दाढेचे तुकडे करून काढतात तेव्हा ‘कट्’ असा आवाज कानात घुमतो. आवाज आला म्हणजे काही बिघडलं असं नव्हे. दुखलं तर हात वर कर, ते थांबतात आणि आणखी औषध देतात.

आता मुख्य गोष्ट. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यात रक्त भरतं आणि तिथंच गोठतं. ते गोठलेलं रक्त म्हणजे गुडघ्यावरच्या जखमेची खपली समज. त्याच्या आडोशानंच आतलं हाड आणि वरची हिरडी भरून येते. ते निघून गेलं की हाड उघडं पडतं. घरी येऊन तुला जे जे करायचं नाही, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे. एकदा हे समजलं की यादी पाठ करायची गरज पडत नाही.

दवाखान्यात दिलेला कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धर. दर पाच मिनिटांनी काढून बघू नको. थुंकू नको, आलेली लाळ गिळून टाक. त्या दिवशी चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, गरम चहा नाही. लाळ दिवसभर गुलाबी दिसते, तेवढं चालतं. भळभळ येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी करून अर्धा तास दाबून बस. गॉज नसेल तर चहाची पिशवी ओली करून थंड केलेली चालते. गालावर बाहेरून बर्फ, रुमालात बांधून, वीस मिनिटं ठेव आणि वीस मिनिटं काढ. बधिरपणा उतरायच्या आधीच पहिली वेदनाशामक गोळी घे. बेळगावहून निपाणीला येताना काकती, संकेश्वर करत तवंदीचा घाट येईपर्यंत औषध उतरायला लागतं आणि गाडीतच ठणका सुरू होतो. गोळी आणि पाण्याची बाटली पर्समध्ये वर ठेव आणि सोबत कुणीतरी ने. बधिर ओठ चावला जातो, तेव्हा बधिरपणा उतरेपर्यंत खायचं नाही. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोप.

खाण्याचं आपल्याकडं काही अडत नाही. पहिल्या दिवशी थंड दूध, ताक, दही कालवलेला मऊ भात, केळं, चमच्यानं आईस्क्रीम. दुसऱ्या दिवसापासून नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं कोमट करून, वरणात कुस्करलेला भात. माडगं मला सगळ्यात पटतं, पोटाला आधार देतं आणि चावावं लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दुधात मुरवलेली भाकरी, मऊ शिजवलेली हुग्गी. चिरमुरे, भडंग, शेंगदाण्याची चटणी, तांबड्या रश्शाचा झणका हे सगळं आठवडाभर बाजूला. चिरमुऱ्याचं एक टरफल खड्ड्यात गेलं तरी पुरे होतं. कुंदा आणला कुणी भेटीला, तर दोन दिवसांनी थोडा खा. मऊच आहे, पण साखर आहे, म्हणून वर पाणी पी आणि हलकी चूळ भर.

चोवीस तासांनी मिठाचं पाणी सुरू कर. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवल्यावर दर वेळी. जोरात खुळखुळवू नको. तोंडात धर, मान हलव आणि बेसिनवर वाकून आपोआप सांडू दे. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून घासायचे, जखमेची जागा तेवढी सोडून.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे आधी माहीत नसलं की बाई घाबरते, काल बरी होते आणि आज गाल फुगला म्हणते. मग ती उतरणीला लागते. तोंड उघडायला चार-आठ दिवस जड जातं. खड्ड्यात पांढरट-पिवळट थर दिसतो, तो बहुतेक वेळा भरून येणाऱ्या जखमेचा असतो. त्याला पू समजून सेफ्टी पिननं किंवा काडीनं टोकरू नको. हे मुद्दाम सांगते, कारण बांगडीतली पिन हाताशी असते आणि हात आपसूक तिकडं जातो. खड्डा पुरता बुजायला महिना सहज लागतो.

आता आपल्या निपाणी भागाचं दुखणं. इथं तंबाखू शेतात आहे, वखारीत आहे, बिडीत आहे. १९८१ साली भावासाठी शेतकऱ्यांचं आंदोलन झालं तेही तंबाखूचं, आणि ‘युगांतर’ या बायकांच्या गटानं १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला तोही त्याच तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या हातांवर. या पिकानं आपली घरं चालवली, हे मी विसरत नाही. पण तव्यावर भाजून केलेली मशेरी सकाळी दातांना चोळायची सवय आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला आली, आणि दाढ काढल्यावर तीच घात करते. निकोटिननं रक्तवाहिन्या आक्रसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. त्यात बोट हिरडीवर घासलं जातं, वर थुंकणं आलं. गोठलेलं रक्त टिकणार कसं? आमच्या गल्लीतल्या एकीनं दुसऱ्याच दिवशी ‘त्या बाजूला नाही, या बाजूला लावते’ म्हणून मशेरी लावली. चौथ्या दिवशी ती कान धरून रडत होती. तोंडात बाजू अशी नसते गं, लाळ सगळीकडं फिरते.

तिला झालं त्याला जखम कोरडी पडणं म्हणतात, डॉक्टर ‘ड्राय सॉकेट’ म्हणतील. ओळखायची खूण सांगते. दुखणं कमी व्हायला लागलेलं असतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढतं, कानात-कानशिलात जातं, तोंडाला घाण वास येतो, गोळीनं थांबत नाही. खालच्या अक्कलदाढेत हे जास्त होतं. घरी सहन करत बसू नको, परत दवाखान्यात जा. ते खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या अर्काचं औषध भरतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो. घरी मात्र लवंगेचं तेल खड्ड्यात ओतायचं नाही, त्यानं भाजतं.

घरी बिड्या वळत असशील तर अजून एक. हजारामागं मजुरी, म्हणून एक दिवस बसला की तेवढे पैसे गेले, हे मला कळतं. पण मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसलं की चेहऱ्यात रक्त उतरतं, ठणका वाढतो, जखम पुन्हा वाहू शकते. शिवाय तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. निदान तीन दिवस सुपाला हात लावू नको. घागर उचलणं, वाकून फरशी पुसणं, चुलीपुढं फुंकणीनं फुंकणंसुद्धा त्या तीन दिवसांत नको. फुंकणीचं कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून सांगते. हे दिवस मागायचे ते दाढ काढायच्या आधीच्या आठवड्यात, सगळे जेवायला बसलेले असताना. ‘गुरुवारी दाढ काढायची आहे, रविवारपर्यंत स्वयंपाक आणि पाणी दुसऱ्या कुणी बघायचं,’ इतकं साधं सांग. काढून आल्यावर सुजल्या तोंडानं मागता येत नाही, आणि न मागता मिळत नाही. नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसव आणि सूचना त्याला ऐकू दे. डॉक्टर म्हणाले म्हटलं की घर ऐकतं. आपलं म्हणणंही तसंच ऐकायला हवं, पण ती लढाई सुजल्या गालानं लढू नको.

वाट न बघता निघायच्या खुणाही लक्षात ठेव. चांगला ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढतच राहिली, हनुवटीखाली, गळ्यापर्यंत घट्ट झाली, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, श्वास अडला, तर सकाळची वाट बघू नको. रात्रीच मोठ्या इस्पितळात जा. गळ्यातली अशी सूज क्वचित होते, पण झाली तर काही तासांत जिवावर बेतते. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर घाबरू नको, डॉक्टरांना कळव. बहुतेकींना काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जाणीव परत येते. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नको, आणि उरलेलं नणंदेच्या दाढेला देऊ नको.

टाके काढायचे असतील तर साधारण सातव्या दिवशी जावं लागतं. त्या खेपेला डॉक्टरांना म्हण, सगळं तोंड एकदा बघा, गालाच्या आतून आणि जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का सांगा. मशेरी लावणाऱ्या बाईनं ही तपासणी करून घ्यायलाच हवी, दुखत नसलं तरी. आणि तोपर्यंत तुझी मशेरी सात दिवस सुटलेली असेल. सगळ्यात अवघड दिवस तेच असतात आणि ते तू काढलेले असतील. आठव्या दिवशी ती डबी उघडू नको, बाई.